आरशाचं काम

कुडचड्यात, पतसंस्थेच्या मागच्या खोलीत
दुसऱ्या डिस्कचा दिवा पिवळा झाला.
खाणी बंद पडल्यापासून लाल धूळ कमी,
तरी पंख्याच्या पात्यांत सापडतेच.

काढली तेव्हा गरम होती.
नवी सरकवली.
पडद्यावर: पुनर्बांधणी, चार टक्के.
पहिली आता एकटीच,
स्वतःला वाचून दाखवतेय नवीला, ओळीओळीनं.
अशा वेळी मी खुर्चीही ओढत नाही.

कायतानबाब दारातून विचारतात,
"दोन आहेत ना, मग भीती कसली?"

मार्चमधलं त्यांना सांगितलेलं नाही.
माझ्याच बोटांनी एक फोल्डर पुसला
आणि दोन्ही डिस्क
त्याच क्षणी, सारख्याच इमानानं विसरल्या.
आरसा काही राखून ठेवत नाही;
समोर उरलं तेवढं दाखवतो.

परत मिळालं ते
सावर्ड्याच्या शाखेतल्या कपाटातून,
सात दिवस जुनं.
त्या सात दिवसांच्या पावत्या
कायतानबाबनीच चष्मा पुसून पुसून
पुन्हा भरल्या.
का, ते विचारलं नाही.

एकोणचाळीस टक्के.
ते चहा ठेवून जातात,
बशीनं झाकून.