काळी बाटली, एक

पुण्याच्या गिऱ्हाइकानं फॉर्म पाठवलाय:
वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली,
तारखांसकट, पुराव्यासकट.
मुबारकभाई म्हणतात, मास्तर, तुमचं अक्षर बरं. लिहा.

लिहितो.
मातीची कुपी, ग्रीक, वीतभरही नाही.
काळी. तव्याची नव्हे,
नदीतून वर आलेल्या म्हशीच्या पाठीची काळी.
एक कान, चिंचोळा गळा,
ओठ बशीसारखा, चुकला थेंब परत आत यावा म्हणून.
बुडाशी दोन ठिकाणी रंग बसलेला नाही.
रंगात बुडवताना कुंभारानं तिथं धरली असणार:
दोन बोटं, लाल.

पहिला मालक कुणी मेलेला.
उशाशी ठेवली होती त्याच्या.
(हे खोडा, मुबारकभाई म्हणतात, गिऱ्हाईक दचकेल.)

मग दोन हजार वर्षं काहीच नाही.
रकाना एवढासा.

मग अथेन्सचा कुणी दुकानदार,
त्याची चिठ्ठी बुडाला, अर्धी झुरळांनी खाल्लेली.
मग मिशन हॉस्पिटलचे डॉक्टर हॅलोवे,
त्यांच्या टेबलावर, मुतखड्यांच्या बरणीशेजारी.
अठ्ठेचाळीस साली ते मायदेशी निघाले.
व्हरांड्यात लिलाव: पलंग, सायकल, बर्फाची पेटी,
आणि ‘काळी बाटली, एक’,
सवा रुपया, हमीदसाब सतारमेकर, मिरज.
पावती होती. सांगलीत मेहुण्याकडे.
एकोणीसच्या पुरात कपाटासकट गेली.

हमीदसाबांना ग्रीस ठाऊक नव्हतं.
मंगळवेढ्याकडून गाडीभर येणारे भोपळे ठाऊक होते,
तुणीचं लाकूड, जवारीची घासणी,
आणि नवी सतार पारखायला आलेला वाजवणारा
मींड ओढण्याआधी डाव्या हाताची बोटं
तेलात बुडवतो, तार कापू नये म्हणून.
वाटी लवंडायची.
हिच्यातून थेंबच येतो. मागितला तेवढाच.
सत्तर वर्षं खोबरेल.

फोनवर पुणं म्हणतं, आतला वास घालवू नका तसाच,
सोड्यानं धुवा, तळाशी मूळ तेल सापडलं
तर भाव तिप्पट.
मुबारकभाई फोनवर हात ठेवून मला विचारतात,
मूळ म्हणजे कुठलं, मास्तर?

तेवढ्यात कुपवाडचा एक पोरगा सतार घ्यायला येतो.
मांडी घालतो, डावा हात पुढे करतो.
मुबारकभाई कुपी उचलतात,
बुडाशी, दोन बोटांनी,
बघतही नाहीत कुठं धरली ते.

फॉर्मवर एक डाग पडलाय,
बरोबर ‘पुरावा’ लिहिलंय तिथं.
नवा फॉर्म मागवावा का?
पोरगा अजून तारा लावतोय.