जावा

भंवरकुआंहून फोन आला, भरदुपारी.
"मॅडम, जावा के लिए आपके घर से फॉर्म भरा था,
बैच सोमवार से है."
मी म्हटलं, भिया, इस घर में दो जावा पहले से हैं
और दोनों की बोलचाल बंद है.
त्याला काय कळणार. "जी" म्हणाला, ठेवून दिला.

फॉर्म हेमांगीने भरलेला.
धाकटी. बेचाळीस पूर्ण.
सियागंजातलं दुकान विकल्यापासून
खाली तिची वेगळी चूल, वेगळं मीटर,
दुधाची पिशवीसुद्धा वेगळ्या खिळ्याला.

सव्वीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं मी.
शब्द अडला की कोश काढायची खोड काही जात नाही.
चष्मा पुसला. 'जे'चं पान.

जावा : एक बेट. उष्ण, दाट वस्तीचं, ज्वालामुखींचं.
अमेरिकन बोलीत, कॉफी;
तेव्हा पहिलं अक्षर लहान लिहावं.
म्हणजे अक्षर मोठं ठेवलं की समुद्रात,
लहान केलं की कपात.
संगणकाची एक भाषा : पुन्हा अक्षर मोठं.
एका चिमणीलाही हेच नाव,
राखी पाठीची, जाड लाल चोचीची.

मामंजींची मोटरसायकल मात्र यातली नव्हे.
ती दोन नावांचे अर्धे अर्धे तुकडे जोडून झालेली,
बेटाशी तिचा काडीचा संबंध नाही.
हे मी त्यांना एकदा सांगितलं होतं, राजवाड्यापाशी,
गाडी बंद पडलेली असताना.
त्यांनी आधी पेट्रोलचा नळ तपासला, मग माझ्याकडे पाहिलं.

मागे मागे गेलं तर यवद्वीप. जवांचं बेट.
कुणी म्हणतं, जव तिथे पिकलेच नसतील,
लांबून आलेल्या कुणी भलतंच पीक पाहिलं
आणि नाव देऊन टाकलं.
पटलं मला.
मीही तिला उंबऱ्यावरूनच पाहिलं होतं, वरातीच्या रात्री,
आणि नाव देऊन टाकलं : आगाऊ.

समोरच्या चौकसेबाई जिन्यात भेटल्या.
"जेठानीजी, देवरानी अब क्लास जाएगी?"
हिंदीत कशी नात्यालाही पायरी आहे,
ऐकताक्षणी कळतं कोण वर, कोण खाली.
आपल्याकडे थोरली-धाकटी वरून चिकटवावं लागतं.
ती माझी जाऊ. मी तिची जाऊ.
शब्द दोन्हीकडून सारखाच वाचायचा.
इंग्रजीत तर नावच नाही या नात्याला,
नणंद, मेहुणी, भावजय, सगळ्या एकाच
सिस्टर-इन-लॉच्या पिशवीत कोंबलेल्या.
मुलींना शिकवताना मी हे फळ्यावर लिहायची,
आणि मुली हसायच्या.

बुधवारी संध्याकाळी ती जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली होती,
मांडीवर पुतण्याचा जुना लॅपटॉप.
पुतण्याचा म्हणजे माझ्याच सौमित्रचा;
त्याने कधी दिला, मला विचारलंही नाही.
पडद्यावर एक कप, वाफा निघताहेत.
"वहिनी," म्हणाली. अकरा महिन्यांनी.
"इनहेरिटन्सला मराठीत काय म्हणायचं?"

वारसा, मी म्हटलं.
आणि दोघी गप्प. दुकानाचं शटर
दोघींच्याही डोळ्यांपुढून एकदा खाली आलं असणार.

"यांच्यात बरं आहे," ती पडद्याकडेच बघत म्हणाली,
"वरच्याचं सगळं खालच्याला मिळतं,
आणि वरच्याचं काही कमी होत नाही.
वकील नाही, काही नाही.
एक शब्द टंकायचा."
तो शब्द तिने टंकला. चुकला. लाल रेघ आली.
एक अक्षर गाळलंयस, मी म्हटलं,
आणि कधी नव्हे ते तिने ऐकलं.

दूध तिच्या पिशवीतलं, कॉफी माझ्या डब्यातली.
डबा कधीचा, कुणास ठाऊक. पावडर दगड झालेली.
गाठी राहिल्या.
ती एकेक गाठ चमच्याने कपाच्या कडेला
दाबत बसली, न बोलता,
आणि मी माझ्या.