साठ मीटर समुद्र

आमच्या ऑफिसात समुद्र आहे.
साठ मीटर लांब, दोन मीटर रुंद,
वर पत्रा, खाली सिमेंट, एका बाजूने काच.
बटण दाबलं की टोकाची फळी मागेपुढे हलते
आणि घाटाच्या या अंगाला,
किरकटवाडीच्या बसस्टॉपपासून चार मिनिटांवर,
भरती येते.

मी लेखा विभागात.
माझ्याकडे तो फाइलमधून येतो:
लाटांपासून वीज, टप्पा दोन.
मंजूर, वितरित, खर्च, शिल्लक,
या चार रकान्यांत बसवायचा
आणि खाली साहेबांची सही घ्यायची
की पैसा ज्या कामासाठी आला
त्याच कामाला लागला.

विश्राम खुटवड एकतीस वर्षं लाटा करतायत.
दाभोळची वेगळी, देवगडची वेगळी, वादळातली आणखी वेगळी.
खरा समुद्र त्यांनी एकदाच पाहिला, मेहुण्याच्या लग्नात,
गुहागरला.
गुडघाभर पाण्यात उभे राहून मनगटावरचं घड्याळ बघत म्हणाले,
"सात सेकंद. थोडी वर."
बायको म्हणाली, चप्पल चालली वाहून.

केतकी तांडेल हर्णैची. करारावर.
अकरा महिने, मग एक दिवस खंड, पुन्हा अकरा महिने.
खंडाच्या दिवशीही यायची,
रजिस्टरात "अभ्यागत" लिहून आत जायची.
तिचा एक लाल डबा, ढोलकीएवढा,
लाटेबरोबर वरखाली होणारा,
पोटात चुंबक, चुंबकाभोवती तार.
म्हणायची, आमच्याकडे पाणी दिवसातून दोनदा हजेरी लावतं,
अंगठा न उठवता.

निधी आला अठ्ठावीस मार्चला,
संध्याकाळी पाच चाळीसला.
एकतीसला परत जाणार होता.
तांब्याच्या तारेला निविदा लागते, निविदेला एकवीस दिवस.
चुंबकाला तीन दरपत्रकं,
आणि तिसरा विकणारा
या देशात अजून जन्मायचाय.
खुर्च्यांचा मात्र दरकरार तयार असतो.

बावन्न खुर्च्या आल्या.
नांदेड फाट्यावरून, टेम्पोत,
पाय आभाळाकडे करून.
मी नोंद घातली: प्रयोगासाठी आवश्यक साहित्य.
हात थरथरला वगैरे नाही.
सव्वीस वर्षांच्या नोकरीत हात शिकतो.

एप्रिलमध्ये तिच्या खंडाचा दिवस आला
आणि तो संपेचना.
मग पत्र आलं. निधीअभावी, असं त्यात होतं.
जावक क्रमांक मीच टाकला.
तिने वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं.
"ताई, खुर्च्या कुठल्या शीर्षातून आल्या?"
सांगता आलं असतं. एका ओळीचं उत्तर होतं.
मी म्हटलं, "पोच दे. इथे, तारखेसकट."

तो गुरुवार होता,
आणि गुरुवारी आमच्याकडे लाइट जाते, दुरुस्तीला.
ती डबा न्यायला शेडमध्ये गेली. का कोण जाणे, मीही गेले.
खुटवड फळीच्या चाकाशी वाकले होते,
जुना हातदांडा बसवत,
बटण येण्याआधीचा, त्यांच्या उमेदवारीतला.
"राहू द्या डबा पाण्यात," म्हणाले,
"बसा दोघी."
बसायला काय तोटा!
प्लास्टिकही न काढलेल्या दोन खुर्च्या ओढल्या.

दांडा फिरला. करकरला.
आधी नुसतंच पाणी हललं,
मग एक लाट, तिच्यामागे दुसरी,
हर्णैची असावी, कारण केतकी एकदम गप्प झाली.
डबा उठला, बसला, उठला.
तारेच्या टोकाला हरभऱ्याएवढा दिवा,
लाटेसरशी उजळायचा, उतरायचा,
खुटवडांच्या श्वासाबरोबर.
त्यांची निवृत्ती जूनमध्ये. जागा भरणार नाहीत.
हेही मलाच माहीत होतं.

दारात वॉचमन डोकावला.
"लाइट आली का?"

कुणीच बोललं नाही.
दांडा फिरत होता.

"आली," केतकी म्हणाली. "थोडी."