भरती चालू आहे

नाव साईशला सुचलं : भरती.
दोन जोडाक्षरं टाळून, पाण्याचं,
चढत्या अर्थाचं.
पेंटर लाटेच्या चित्राचे आठशे जास्त मागू लागला,
तेव्हा लाट गेली, शब्द राहिला.
निळ्या पत्र्यावर पांढरा, कुंभारजुव्याच्या पुलावरून वाचता येईल एवढा,
खाली माझा फोन नंबर.

पहिला फोन सकाळी सहा चाळीसला.
बारावी नापास चालेल का?
दुसरा : पगार किती, दुपारचं जेवण तुमचं की आमचं?
नऊपर्यंत मानशीच्या बांधावर
आमच्या सहा कयाकांपुढे अकरा जण रांगेत,
प्रत्येकाच्या काखेत प्लास्टिकची फाइल,
फायलीत जन्माचा दाखला, रहिवासाचा दाखला,
कुठल्याशा कॉम्प्युटर क्लासचं प्रमाणपत्र.
गिऱ्हाईक एकही नाही.

ग्लेननं समजावलं, पाण्याची भरती हो, पाण्याची.
दोघे हसले. बाकीचे हसले नाहीत.
एक मुलगा पत्र्याकडे बघत राहिला,
शब्दानंच थाप मारल्यासारखा.

कयाक कळंगुटच्या बंद पडलेल्या रिसॉर्टमधले,
दोघांचे तळ सोललेले.
ग्लेनच्या पप्पांनी ट्रॉलरच्या फायबरची ठिगळं लावली,
केशरीवर राखाडी.
कर्जाच्या अर्जात ‘धोके’ नावाचा रकाना होता.
मी लिहिलं होतं : स्पर्धा, हवामान.
मगर लिहिली नव्हती.
बँकेतला माणूस म्हापशाचा, त्यानंही विचारलं नाही.

मुहूर्त दहा वाजून पाच मिनिटांचा, साईशच्या मामांनी काढलेला.
नारळ फुटला. लाइफ जॅकेटांना हळद-कुंकू लागलं.
रांगेतला शेवटचा माणूस अजून उभाच होता, हातात फाइल नाही.
फोंडू तारी, बार्जवर एकोणीस वर्षं,
खाणी थांबल्या तेव्हापासून घरी.
त्यानं खाली पाण्याकडे बघत विचारलं,
कितीला सोडणार?
आत्ता.
आत्ता पाणी कुठाय?

आम्ही सोडल्या.
तिन्ही संचालक, तीन कयाक,
खारफुटीतल्या चिंचोळ्या फाट्यात शिरलो,
कारण फोटो तिथं चांगले येतात.
साडेदहाला साईशचं वल्हं चिखलात उभं राहिलं
आणि त्यानं हात सोडला तरी उभंच राहिलं.

तिसऱ्या काढणाऱ्या बाया लांबून बघत होत्या.
एकीनं काहीतरी म्हटलं, सगळ्या पाठीवर हात ठेवून हसल्या.
उतरायची सोय नव्हती, मांडीपर्यंत रुतलो असतो.
आणि पलीकडच्या काठावरचा तो ओंडका
ओंडकाच आहे का, हे तिघांतलं कुणी मोठ्यानं विचारेना.

बांधावर बसून फोंडू तारी आमच्याच नारळाचं खोबरं खात होता.
मग ओरडला :
आज षष्ठी! सहा पाऊणे किती?
आम्ही तिघे इंजिनिअर. गप्प.
साडेचार! साडेचारला पाणी भरलं, आता अकरापर्यंत उतरणार!
पंचांगात मुहूर्त बघितला, शेजारची तिथी दिसली नाही?
आणि तो ओंडका आहे, घाबरू नका.
मगर पलीकडच्या बांधावर असते, उन्हाला.
पौषात मातीची करतो आम्ही तिची, डोळ्यांना शिंपले लावतो.
येणार तर या.

दीडच्या सुमारास तळाखाली आधी आवाज आला,
दाराबाहेर कुणी नखानं खाजवावं तसा.
मग कयाक किंचित हलली,
ठिगळ लावलेली सर्वांत आधी.

काठावर आल्यावर त्याला मी पगाराचं विचारलं नाही, धीर झाला नाही.
त्यानंच विचारला.
आकडा ऐकून तो थोडा वेळ खोबरं चावत राहिला,
मग म्हणाला, वेळा मी सांगणार. भटजी नाही.

संध्याकाळी अर्जाची प्रत काढून
धोक्यांच्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं :
पाऊणकी कुणालाच येत नाही.

तेवढ्यात फोन.
भरतीची पाटी वाचली, बाई. मला पोहता येत नाही, चालेल?
मी विचारलं, काम हवंय की फेरी मारायचीय?
पलीकडे रस्त्यावरून एक बस गेली, तिचा आवाज.
मग तो म्हणाला,
आधी एक फेरी मारून बघू का?