कलम सात

धर्मादाय कचेरीतल्या बाईंनी अर्ज परत सरकवला.
कलम सात कोरं होतं: संस्थेचा इतिहास व कार्य.
आणि मैदानाचा पत्ता म्हणून मी लिहिलेलं,
गल्ली नंबर पाच, धुळे,
शिंपींच्या दुकानावरची खोली, बारा बाय दहा.
"एवढ्यात काय खेळता? कॅरम?"

तर इतिहास, बाई.

आधी खोलीत तीन शिवणयंत्रं होती, एक बिघडलेलं.
त्याच्या पायट्यावर पाय हलवत भावेश अहिरराव नेम धरायचा,
यंत्र विकलं तेव्हा आठवडाभर त्याचा एक नेम लागला नाही.
आम्ही पाच, फोन तीन.
उरलेले दोघे खांद्यावरून बघायचे,
तेही सरावात धरा.

मे महिन्यात पत्रा असा तापे
की फोनच हात वर करायचे.
मोईन पिंजारी आपला फोन माठाच्या ओल्या फडक्यावर ठेवी,
मग दोन मिनिटांत एक डाव.
त्याचे वडील गाद्या भरतात.
कापसावर त्यांचा हात चालतो
तसा ह्याचा अंगठा काचेवर, आवाज न करता.

पहिलं बक्षीस नाशिकला: चौथा क्रमांक,
चार हेडफोन, त्यातला एक उजव्या कानाने बहिरा.
नावाच्या रकान्यात काय लिहू विचारलं,
तर मी पत्ताच सांगितला.
तेव्हापासून संघाचं नाव गल्ली पाच.

मग केळीच्या वेफरवाल्याने जर्सी दिल्या,
पाठीवर आमच्या नावापेक्षा वेफर मोठे.
धुतल्यावर वेफर गेले, नावं राहिली.
कंपनीचंही तसंच झालं.

पुण्याची फायनल.
काचेच्या खोल्या, अंगावर गार हवा,
राजमल पावरा म्हणाला, एवढ्या थंडीत बोटं हलतील कशी.
आणि सुरू झालो:
मांगे शे! छतवर दोन शेतस!
थांबी जा, मी ऊ ऱ्हायनू!
पलीकडच्या संघाने तक्रार केली,
हे लोक सांकेतिक भाषा वापरतात.
पंच आले, नियमावली चाळली,
भाषेवर बंदी नव्हती.
ह्याच बोलीसाठी भावेश
सातवीत अख्खा तास ओणवा उभा होता.
जिंकलो. दुसऱ्या आलेल्यांना
आमच्याहून मोठा पुष्पगुच्छ मिळाला, कसा कोण जाणे.

कप शिंप्यांच्या कपाटात आहे, त्यात बटणं असतात.

मग राजमलला हैदराबादहून बोलावणं आलं, पगारी.
इंग्रजीतला करार, पानं सतरा.
साक्षीदार म्हणून मी सही केली, सोळा पानं न वाचता.
एसटी स्टँडवर तो म्हणाला, भो, तठे मी कोनासंगे बोलसू?
मी म्हणालो, गोळी लागली की आपोआप बोलशील.

आणि एका फेब्रुवारीत तो खेळच बंद झाला.
कंपनीने दोन ओळींचं पत्र टाकलं.
शेवटच्या रात्री आम्ही चौघे आत गेलो,
राजमल तिकडून आला, पाचवा, पाहुणा म्हणून.
पुलावर उभे राहिलो.
समोर शंभरेक माणसं, वेगवेगळ्या गावांची,
कुणी कुणावर गोळी झाडली नाही.
मोईनने बंदूक खाली ठेवली, तशी सोय होती
हे आम्हाला चार वर्षांत माहीतच नव्हतं.
बाराला पडदा काळा.
गुण, विक्रम, आमचे क्रमांक त्यातच.

म्हणून दाखल्यांच्या प्रती जोडता आल्या नाहीत.

मैदान होतं, बाई.
आठ किलोमीटर लांब, आठ रुंद.
नदी होती, पांझरेला कधी नसतं एवढं पाणी बारमाही.
प्रत्येक दगडामागे कोण लपू शकतं
ते मी अजून डोळे मिटून सांगेन.
फक्त सातबारा नाही त्याचा.

आता नवी पोरं येतात, नवा खेळ आहे.
दोन मुली आहेत, देवपूरच्या. फोन पाच, माणसं नऊ.

पत्ता तोच ठेवा.
तपासणीला आलात तर जिना मागच्या बाजूला, लोखंडी.
दुपारी कठड्याला हात लावू नका.