नऊ पॉइंट चार

बाबगोंडा मगदूम बाटली काउंटरवर ठेवतो
आणि न विचारताच म्हणतो, मिस्टरांना सांगा,
सकाळ-संध्याकाळ एक-एक एमएल, डोकं कोरडं पाहिजे.
मी म्हणते, सांगते.
मिस्टर नाहीत. डोकं माझं आहे.

मिरजकर तिकटीपासून घरापर्यंत पर्स छातीशी,
जणू आत कुणाची तरी चिठ्ठी.

त्याआधी सगळं करून झालं होतं.
माका, जास्वंद, शिरोळच्या मावशीचा काळा लेप,
कांद्याचा रस, आणि त्या आठवड्यात
पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात पंखा स्वतःकडून वळवून बसलेल्या
इंगवलेबाई.
साडेतीनशेचा शांपू,
ज्यानं फक्त टॉवेल मऊ झाला.

मग एका रात्री आप्पांच्या ड्रॉवरमधून व्हर्निअर काढलं.
उद्यमनगरात बत्तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस,
निवृत्त झाला तरी दर शनिवारी त्याला तेल लावतो.
आरशासमोर दोन्ही जबडे भांगाच्या काठांना टेकवले,
श्वास धरला, स्क्रू आवळला.
नऊ पॉइंट चार.
दहावीच्या फोटोत तिथं खडूची एक रेघ आहे.

पोरगी बापावर गेलीय, म्हणायचे सगळे.
नाक, चालताना डावा खांदा पुढं,
जेवायला बसताच कांदा बुक्कीनं फोडायची घाई,
तापट डोकं.
आतल्या डोक्याचंच बोलत होते.
बाहेरच्याचं कुणी बोललं नाही,
ते बापाकडून लेकीला येतं हे कुणाच्या मनातच नव्हतं.

पत्रकात लिहिलं होतं: सुरुवातीला गळती वाढू शकते, घाबरू नये.
घाबरले.
उशीवर, मोरीच्या जाळीवर, एकदा तर आमटीत.
बाबगोंडाला म्हटलं, मिस्टर घाबरलेत.
जुनं जाऊंदे की, नव्याला जागा नको व्हय?
चार महिनं दम धरा म्हणावं.
आणि एकदा धरलं की सोडायचं न्हाई. सोडलं की जैसे थे.
कधीपर्यंत?
त्यानं स्वतःच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला
आणि सुट्टे मोजायला घेतले.

साठ एमएल, तीस दिवस. हिशेब सोपा आहे.
एकविसाव्या दिवशी ड्रॉपरनं हवा ओढली.
दुसऱ्या बाटलीवर बॉलपेननं खूण केली.
दुसऱ्या दिवशी औषध खुणेच्या खाली,
माझ्या मापाहून जास्त खाली.

रविवारी पहाटे बेसिनपाशी आप्पा. दिवा न लावता.
टोपी खुंटीला, ड्रॉपर हातात,
टूलवर कूलंट सोडावं तसा थेंब-थेंब
त्या डोक्यावर, जिथं माझ्या जन्माआधीपासून काही नाही.

आप्पा, आता काय उगवणार तिथं?

उगवायला कोण लावतंय.
जळजळतंय का, फोड येतात का, बघत हुतो.
आदी ट्रायल पीस कापायचा, मग जॉब लावायचा.

मी काही बोलले नाही. तेच बोलले, बाटलीचं बूच लावत.

स्क्रू तसाच आवळून ठेवलीस तू. नऊ पॉइंट चार.
या मापाचं घरात काय हाय, आठ दिवस शोधत हुतो.
कडी बघितली, नळाचा वायसर बघितला.
मग त्या दिवशी तू खाली बसून भाकरी थापत हुतीस.

रात्री गंगावेशीत दूध प्यायला गेलो.
मी क्लिप लावून, ते टोपी घालून.
ग्लासातला फेस त्यांच्या मिशीला लागला.
मिशी अजून पूर्ण आहे, जशीच्या तशी,
आणि ती मला मिळायची शक्यता नाही.

आता बाटली एकच येते, तीस दिवस पुरते.
ट्रायल पास झाली म्हणाले.
भांग तेच मोजतात, चष्मा कपाळावर चढवून,
खिडकीजवळ, माझी हनुवटी दोन बोटांनी स्थिर करून.

काल चार महिने झाले.
नऊ पॉइंट एक.
मी आरशाकडं वळणार इतक्यात म्हणाले, थांब.
हात हलला असंल. परत घेऊया.