तापू दे

जिनाच्या भिंतीला लागून, तिवशाच्या बाजारात
देवमन मिस्त्रीचं दुकान. एक फळी, एक स्टूल,
स्टुलावर मी, वय अकरा,
काडीला कापूस गुंडाळून सॉकेट पुसणारा.

बटण फिरवलं की आधी काहीच व्हायचं नाही.
"तापू दे त्याले," मिस्त्री म्हणायचा.
मग काचेतली तार लालसर व्हायची,
करपल्या धुळीचा वास सुटायचा,
हिरवा डोळा अर्धा मिटायचा,
आणि लांबून कुणी पायरी चढत यावं
तसं नागपूर यायचं, सरकीचा भाव सांगत.
तोवर कुणी बोलायचं नाही.
कोतवालसुद्धा न पेटवलेली विडी तशीच धरून.

मेलेला व्हॉल्व्ह ओळखू यायचा.
माथ्यावरची चांदी दुधासारखी पांढरी पडायची.
"हवा शिरली."
फेकायचा नाही तो. फडताळात उभा करून ठेवायचा,
गावातल्या कुणाचा कोणता, हे त्याला पाठ होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी उकंडा गोरले आला,
सायकलच्या दांडीला चामडी पिशवीतला ट्रान्झिस्टर.
चालता चालता बोलणारा, आता मुका झालेला.
मिस्त्रीनं पाठ उघडली.
आत तीन पायांचे काळे मुंगळे, टोप्या घातलेले.
"यातला मेलेला कोन्ता बाप्पा?"
जिते, मेलेले, सगळे एकाच रंगाचे.

बावीस वर्षांचा हात.
अंगठ्याएवढं लोखंड, कोळशावर तापवलेलं.
एका पायाला टेकवून तो नेहमीसारखा तीन मोजू लागला.
दोनावरच आत काहीतरी गेलं.
ना धूर, ना आवाज.

उकंड्याला त्यानं साडेसात रुपये भरून दिले.
रात्री जेवला नाही, असं कलावतीकाकू सांगायची;
मला ठाऊक नाही.
मी पाहिलं ते सकाळचं :
चाळिशी लावून, चिमट्यात तोच मेलेला पाय धरून
तो डाग द्यायला शिकत होता,
पहिल्यापासून, पोरासारखा, जीभ दातांत धरून.

सेटच्या उबेला झोपणाऱ्या आमच्या बोकीनं
त्या डब्याला एकदा हुंगलं
आणि ती चुलीकडे निघून गेली.

पुढं मिस्त्रीनं पंचक्रोशीतले सगळे दुरुस्त केले.
पण बटण दाबलं की बोट वर जायचंच,
"तापू दे त्याले,"
आणि आम्ही सगळे गप्प होईपर्यंत
तुरीचा भाव सांगून झालेला असायचा.